हौशी ई-स्पोर्ट्स संघ चालवताना खऱ्या अडचणी कोणत्या येतात?

आपण विचारले आहे की, चार मित्र मिळून काउंटर-स्ट्राइकचा, म्हणजे पाच-पाच जणांच्या दोन संघांनी संगणकावर खेळायच्या बंदुकांच्या खेळाचा, हौशी संघ काढत आहात, पाचव्या खेळाडूचा शोध सुरू आहे, आणि असा संघ चालवताना खऱ्या अडचणी कोणत्या येतात हे आधीच जाणून घ्यायचे आहे. मी असाच एक संघ सुमारे अडीच वर्षे चालवला. कर्णधार मी, व्यवस्थापक मी, आणि सामन्यात डाव ठरवणारा, म्हणजे ज्याला सगळे आयजीएल म्हणतात, तोही मीच होतो. आमची सुरुवातही चार मित्रांपासूनच झाली होती, त्यामुळे आपला प्रश्न वाचताना मला सर्वांत जास्त काळजी वाटली ती आपल्या पाचव्या खेळाडूची. त्याच्याकडे मी शेवटी येतो.

पहिली अडचण कौशल्याची नसते, वेळेची असते. एक मॅप, म्हणजे खेळाचे एक मैदान, 12-12 राउंडच्या दोन भागांत खेळला जातो, जिंकायला 13 राउंड लागतात, आणि प्रत्येक राउंड 1 मिनिट 55 सेकंदांचा, वर हल्ला करणाऱ्यांनी बॉम्ब लावला तर तो फुटेपर्यंतचे 40 सेकंद वेगळे. चुरशीचा मॅप पाऊण तास सहज घेतो, तीन मॅपचा सामना असेल तर अख्खी संध्याकाळ जाते. एवढा वेळ पाच जणांनी एकाच वेळी, सलग आणि मन लावून देणे किती अवघड आहे, याची कल्पना सुरुवातीच्या उत्साहात येत नाही. एकाची परीक्षा असते, दुसऱ्याची नोकरीची पाळी बदलते, तिसऱ्याच्या घरी पाहुणे येतात. यांतले एकही कारण खोटे नसते, पण महिन्याअखेरीस हिशेब केला की पाचही जण एकत्र आले असे दिवस जेमतेम चार-पाच निघतात. चौघांनी सराव करून भागत नाही, कारण एखाद्या साइटवर, म्हणजे बॉम्ब लावायच्या जागेवर, एकत्र घुसण्याचा डाव बसवायचा तर कोणता स्मोक, म्हणजे धुराचा गोळा, कोण टाकणार, कोणाच्या फ्लॅशवर, म्हणजे डोळे दिपवणाऱ्या गोळ्यावर, कोण आत शिरणार हे पाच जणांच्या हातांत बसावे लागते. आयत्या वेळी आणलेला बदली खेळाडू जागा भरतो, पण डाव त्याला ठाऊक नसतो. शिवाय स्क्रिम, म्हणजे दुसऱ्या संघाबरोबरचा सराव सामना, दहा जणांच्या वेळेवर उभा असतो. आपण दोनदा आयत्या वेळी रद्द केला की तो संघ तिसऱ्यांदा आपल्याला विचारत नाही, आणि छोट्या वर्तुळात ही गोष्ट फार लवकर पसरते.

एक प्रसंग सांगतो. एका खुल्या पात्रता फेरीत आमचा सामना रात्री आठला होता आणि साडेसातपासून पंधरा मिनिटांत पाचही जणांनी चेक-इन करायचे होते. सात चाळीसला आम्ही चार जण व्हॉइस चॅनेलवर होतो. पाचवे नाव राखाडी होते, आणि ते आमच्या चौघा मित्रांपैकीच एकाचे होते. त्याचा संदेश आला, ‘अरे, पाच मिनिटांत येतो.’ मी आयोजकांना विनंती केली, त्यांनी नियमाकडे बोट दाखवले, आणि सात पंचेचाळीसला पडद्यावर आमच्या संघापुढे ‘अपात्र’ असा शब्द आला. तो सात बावन्नला आला आणि हसत म्हणाला, ‘काय, सुरू झालं का?’ तीन आठवड्यांची तयारी वाया गेली होती, तरी त्याला त्या रात्री कोणी काहीही बोलले नाही. तो आमचा जुना मित्र होता.

यावर उपाय म्हणून आम्ही पुढे जे केले ते आपण पहिल्या आठवड्यापासूनच करावे. रोज खेळायचे असे कधीही ठरवू नये. आठवड्यातले दोन दिवस पक्के करावेत आणि ते दिवस सरावाचे म्हणूनच पाळावेत. येता येणार नसेल तर त्याच दिवशी दुपारपर्यंत कळवायचे, म्हणजे बदली खेळाडू शोधायला किंवा समोरच्या संघाला वेळेवर सांगायला अवधी मिळतो. सहावा खेळाडू ठेवावा असे सगळे सांगतात आणि ते खरे आहे, पण त्याला नुसते बाकावर बसवून ठेवले तर तो महिनाभरात जातो. आमच्याकडे सहावा टिकला, कारण दोन मॅप आम्ही त्याच्या नावावरच केले होते. स्पर्धेच्या नियमांत बसत असेल तेव्हा त्या मॅपवर तोच खेळणार हे सर्वांना आधीपासून माहीत असे, त्यामुळे सरावाला येण्याचे त्याच्याकडे कारण होते.

आता मुख्य गोष्ट सांगतो. आमचा संघ हरण्यामुळे मोडायला आला नाही, डावे-उजवे केल्यामुळे आला.

आमच्या पाचव्या खेळाडूला आम्ही एका सर्व्हरवरून शोधून आणले होते. त्याचा नेम आमच्या सर्वांपेक्षा चांगला होता. तो आला तेव्हा चांगल्या जागा आम्ही चौघांनी आधीच वाटून घेतलेल्या होत्या. एडब्ल्यूपी, म्हणजे खेळातले 4750 डॉलर मोजून घ्यावी लागणारी ती लांब पल्ल्याची रायफल, एका मित्राची ठरलेली होती. मागून शांतपणे फिरत राहण्याचे काम दुसऱ्याचे होते. नवीन मुलाच्या वाट्याला हल्ल्यात सर्वांत आधी आत शिरणे आणि बचावात एकट्याने साइट धरून ठेवणे, अशी दोन्ही उरलेली कामे आली. पहिला शिरणारा बहुतेक वेळा पहिला मरतो. त्याच्या मरणातून मागच्याला जागा आणि माहिती मिळते, हेच त्याचे काम असते, पण धावफलकावर मात्र त्याचे नाव तळाला दिसते. हौशी संघात सामना संपला की सगळे धावफलक पाहतात.

मग मिराज मॅपवरचा तो सामना झाला. आम्ही 11-12 ने मागे होतो. समोरच्यांनी ए साइटवर बॉम्ब लावला, त्यांचे दोघे उरले होते आणि आमचे तिघे: मी जंगलमध्ये, एक मित्र कनेक्टरमध्ये आणि पाचवा खेळाडू डिफ्यूज किट, म्हणजे बॉम्ब निकामी करण्याचे साहित्य, घेऊन टिकिट बूथच्या मागे. ही सगळी त्या मॅपवरच्या जागांची नावे आहेत. किट असले की बॉम्ब निकामी करायला 5 सेकंद लागतात, नसले तर 10. म्हणजे त्याचे जिवंत राहणे आमच्या दोघांपेक्षा जास्त महत्त्वाचे होते. मी 25 सेकंद उरले असताना एकटाच बाहेर पडलो आणि मेलो. चार सेकंदांनी मित्र निघाला, तोही मेला. पाचवा थांबून राहिला, शेवटी आठ सेकंद उरल्यावर बाहेर आला, एकाला टिपले आणि दुसऱ्याने त्याला टिपले. सामना गेला.

दुसऱ्या दिवशी डेमो, म्हणजे सामन्याची पुन्हा पाहता येणारी नोंद, पाहताना मी सर्वांसमोर त्याला विचारले, ‘तू किट घेऊन तिथे उभा का राहिलास?’ तो म्हणाला, ‘तुझ्या कॉलची वाट बघत होतो.’ कॉल म्हणजे आयजीएलने द्यायची सूचना. मला ती सबब वाटली आणि मी आणखी बोललो. रात्री मी एकट्याने सामन्यातल्या आमच्या बोलण्याचे रेकॉर्डिंग ऐकले. बॉम्ब लागल्यापासून मी मरेपर्यंत चॅनेलवर एकही शब्द नव्हता. ज्याने कॉल द्यायचा होता तो मी होतो आणि मी काहीही न बोलता बाहेर पडलो होतो. सकाळी त्याची माफी मागायचे ठरवले आणि ‘सरावाला भेटेल तेव्हा बोलू’ म्हणून पुढे ढकलले. दोन दिवसांनी त्याचा संदेश आला, अगदी सभ्य भाषेत, की तुम्ही चौघे मिळून दुसरा कोणीतरी शोधा. माझी माफी त्यानंतर गेली. त्याने ती स्वीकारली, पण तो परत आला नाही.

त्या संध्याकाळी मला प्रथमच दोन्ही प्रसंग शेजारी-शेजारी ठेवून पाहता आले. ज्याच्यामुळे आम्ही न खेळता बाद झालो त्याला आम्ही हसून सोडले होते, आणि ज्याने आपले काम बरोबर केले होते त्याला चारचौघांत जाब विचारला होता. यात कोणाच्या मनात वाईट नव्हते, पण मैत्रीचा संघ दोन मापांनी मोजतो आणि मोजणाऱ्याला ते कळत नाही. यानंतर आम्ही डेमो पाहण्याची पद्धत बदलली. सुरुवात मी माझ्या चुकांपासून करायची, माणसाला ‘का केलेस’ असे न विचारता ‘त्या क्षणी तुला काय माहीत होते’ असे विचारायचे, आणि हरल्या रात्री डेमो उघडायचाच नाही. यांतल्या दुसऱ्या प्रश्नाने सर्वांत जास्त फरक पडला, कारण उत्तरात बहुतेक वेळा असे निघे की ज्याला माहिती होती त्याने ती बोलूनच दाखवली नव्हती.

आणि जो मित्र उशिरा येत असे त्याच्याशीही अखेर बोलावे लागले. मी भांडणाच्या तयारीने गेलो होतो. तो शांतपणे म्हणाला की, त्याला स्पर्धा कधी हव्याच नव्हत्या, संध्याकाळी मित्रांबरोबर खेळायचे होते, आणि नाही म्हटले तर गट सुटेल अशी भीती वाटत होती. त्याला सुरुवातीला कोणी विचारलेच नव्हते. आपण चौघे जण आत्ताच, पाचवा येण्याआधी, एकमेकांना हे विचारा: कोणाला किती पुढे जायचे आहे, आणि त्यासाठी आठवड्याचे किती तास कोण देईल. उत्तरे वेगळी निघाली तरी हरकत नाही, ती माहीत असायला हवीत.

बाकीच्या अडचणी खऱ्या आहेत, पण त्यांना थोडक्यात आटोपता येते. नेटची जोडणी आणि यंत्रे पाचही जणांची सारखी नसतात, म्हणून सर्वांना बऱ्यापैकी पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारे मिलिसेकंद, मिळेल असा सर्व्हर आधी तपासावा. एकाला 20 आणि दुसऱ्याला 90 मिळत असेल तर 90 वाल्याला आघाडीला पाठवू नये. प्रवेश शुल्क कोण भरणार आणि बक्षीस कसे वाटणार हे पहिल्या स्पर्धेआधी लिहून ठेवावे. आमचे एकमेव रोख बक्षीस आयोजकांकडून यायला कित्येक महिने लागले, आणि तोवर संघातले दोघे बदलले होते. खेळही पायाखालून सरकतो. 2024 च्या एप्रिलमध्ये स्पर्धांच्या सात मॅपमधून ओव्हरपास काढून डस्ट 2 आणला गेला. ओव्हरपास हा आमचा सर्वांत पक्का मॅप होता, त्यावर बसवलेले सगळे डाव एका दिवसात निरुपयोगी झाले. छोट्या संघाला हे जास्त लागते, कारण त्याच्याकडे नवीन मॅप बसवायला प्रशिक्षक नसतो आणि तासही नसतात. म्हणून दोन मॅप घट्ट आणि तिसरा बरा, एवढ्यावरच भर द्यावा. मोठे संघ बहुतेक सगळे मॅप सांभाळतात, त्यांची नक्कल करू नये.

मोठ्या संघांच्या कथा आपल्याला ऐकवल्या जातील, विशेषतः ओजीची. 2018 मध्ये डोटा 2 या दुसऱ्या खेळातल्या त्या संघाचे महत्त्वाचे खेळाडू ऐन मोसमात सोडून गेले, प्रशिक्षक असलेला सेब स्वतः खेळायला उतरला, फारसा कोणाला माहीत नसलेला टॉपसन आला, आणि हा संघ खुल्या पात्रता फेरीतून येऊन द इंटरनॅशनल, म्हणजे त्या खेळाची सर्वांत मोठी स्पर्धा, जिंकला. पुढच्या वर्षी त्याच पाच जणांनी ती पुन्हा जिंकली. ही कथा मलाही फार प्रिय आहे. पण त्यांतले बहुतेक जण तोवर कित्येक वर्षे पूर्ण वेळ खेळलेले होते, आणि हौशी संघाने त्यातून ‘आपणही एका उन्हाळ्यात पोहोचू’ असा अर्थ काढला तर सहा महिन्यांत निराशा येते. त्याउलट ॲस्ट्रॅलिस या काउंटर-स्ट्राइक संघाची गोष्ट मला जास्त उपयोगी वाटते. 2017 ते 2019 या काळात चार मेजर, म्हणजे या खेळाच्या सर्वांत मोठ्या स्पर्धा, जिंकलेल्या त्या संघाचे ग्लेव्ह आणि झिपनाइन हे दोघे 2020 मध्ये ताण असह्य झाल्याने रजेवर गेले. ज्यांच्या पाठीशी पगार, प्रशिक्षक आणि मानसतज्ज्ञ होते त्यांनाही थांबावे लागले, तर दिवसभर काम करून रात्री खेळणाऱ्या आपल्या खेळाडूने ‘मला दोन आठवडे नको’ म्हटले की त्याला कामचुकार ठरवू नये. आमच्या संघात अशी रजा घेतलेले तिघेही परत आले.

आता आपला पाचवा. त्याला नुसता नेम पाहून घेऊ नका. नाव जाहीर करण्याआधी निदान दहा स्क्रिम त्याच्याबरोबर खेळा, आणि त्यांतल्या पडत्या राउंडमध्ये तो बोलतो की गप्प होतो हे ऐका. तो आल्यावर जागा नव्याने वाटा, चौघांपैकी निदान एकाने आपली आवडती जागा त्याच्यासाठी सोडावी. तुमच्या चौघांचा जो जुना ग्रुप आहे त्यात संघाचे बोलणे अजिबात करू नका, नाहीतर प्रत्येक निर्णय त्याला सर्वांत शेवटी कळेल आणि ते त्याच्या लक्षात येईल. आणि पहिल्याच आठवड्यात त्याला विचारा की सामन्यात माझे कोठे चुकते. आमच्या पाचव्याला मी हा प्रश्न कधीही विचारला नाही. त्याच्याकडे उत्तर होते, कारण टिकिट बूथच्या मागे उभे राहून माझ्या कॉलची वाट पाहण्याची त्याची ती पहिली वेळ नव्हती. जुने डेमो नंतर पाहिले तेव्हा त्याआधीच्या तीन सामन्यांत तो मला तसाच थांबलेला दिसला.