जुन्या भयपटांतील माणसे

प्रश्न : आमच्या शहाद्याच्या महाविद्यालयातील चित्रपट मंडळ यंदा १९४० ते १९७० या काळातील गाजलेले भयपट दाखवत आहे. त्यांतील काही पाहिल्यावर माझ्या पावरा आदिवासी मैत्रिणीने विचारले, की कृष्णवर्णीय किंवा आदिवासी माणसे यांत ढोल वाजवण्यापुरती आणि भीती घालण्यापुरतीच का असतात? इतरांचे म्हणणे असे, की जुन्या चित्रपटांना आजच्या फूटपट्टीने मोजू नये. आपले मत काय?
– एक विद्यार्थिनी, जि. नंदुरबार

उत्तर : तुमच्या मैत्रिणीची तक्रार रास्त आहे, आणि ती आजची म्हणून बाजूला सारता येत नाही, कारण त्या काळातील काही चित्रपटांनीच ती मांडून ठेवली आहे.

१९४३ चा ‘आय वॉक्ड विथ अ झोम्बी’ पाहा. वेस्ट इंडीजमधील एका काल्पनिक बेटावर नव्याने आलेली गोरी परिचारिका घोडागाडीतून मळ्याकडे निघाली असताना कृष्णवर्णीय गाडीवान तिला सांगतो, की आमच्या पूर्वजांना जहाजाच्या तळाशी साखळदंडांनी बांधून इथे आणले. त्यावर ती सहज म्हणते, की आणले ते सुंदर ठिकाणी. आणि तो अत्यंत अदबीने, आपण म्हणता तर तसे असेल, एवढेच उत्तर देतो. त्या दोन वाक्यांत मळ्याचा सगळा इतिहास येतो. त्याच चित्रपटात डार्बी जोन्स या अभिनेत्याच्या वाट्याला मात्र डोळे विस्फारून मूकपणे उभे राहण्याचेच काम आले आहे, हेही नजरेआड करू नये.

सर्व कृष्णवर्णीय कलावंतांचा ‘सन ऑफ इंगागी’ हा भयपट तर १९४० मध्येच निघाला होता.

तरीही पडद्यावरील चेहरे मोजून फारसे हाती लागत नाही. जॉर्ज रोमेरो यांच्या १९६८ च्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’मध्ये उठून चालू लागलेल्या प्रेतांमुळे घरात अडकलेल्यांपैकी एकटा बेन कृष्णवर्णीय आहे, पण दारे-खिडक्यांना फळ्या ठोकणारा, निर्णय घेणारा आणि रात्रभर तग धरणारा तोच आहे. त्याच्या वर्णाचा उल्लेख कोणीही करत नाही. मूळ संहितेत बेन हा रांगडा ट्रकचालक होता; त्याचे संवाद ती भूमिका करणाऱ्या डुएन जोन्स यांनी स्वतः बदलून त्याला सुशिक्षित, संयमी माणूस केले. सकाळी मदतीला आलेली बंदूकधारी टोळी त्यालाही चालते प्रेत समजून गोळी घालते आणि आकड्यांनी ओढत नेऊन जाळते. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या त्याच वर्षीच्या एप्रिलमधील. तो शेवट पाहताना अमेरिकी प्रेक्षकांना काय आठवले असेल, हे वेगळे सांगायला नको.

आपल्याकडे याच कसोटीवर बिमल रॉय यांचा १९५८ चा ‘मधुमती’ लावून पाहावा. जमीनदाराच्या अत्याचाराला बळी पडलेली डोंगरातील आदिवासी मुलगी मृत्यूनंतर परत येऊन त्याला जाब विचारते, ही त्या कथेची मोठी ताकद आहे. परंतु तिचे समाजबांधव बहुतांशी नाचगाण्यापुरतेच दिसतात, आणि सातपुड्यातील प्रेक्षकाला ते खटकणारच. मंडळात हा चित्रपट जरूर लावा, आणि त्यावरील चर्चेची सुरुवात तुमच्या मैत्रिणीलाच करू द्या.