ओव्हरराइड म्हणजे अधिलेखन नव्हे

प्रश्न असा आलाय की प्रोग्रामिंगमधल्या इन्हेरिटन्सला (वरच्या क्लासचं, म्हणजे साच्याचं, जे आहे ते खालच्या क्लासला आपोआप मिळणं) आणि मेथड ओव्हरराइडिंगला (त्यातली एखादी मेथड, म्हणजे कृती, खालच्या क्लासने आपल्यापुरती नव्याने लिहिणं) मराठीत 'वारसा' आणि 'अधिलेखन' म्हटलेलं चालेल का.

वारसा चालेल, रुळलाय. अधिलेखन मात्र अजिबात नको. हा शब्द ऐकून कान किटलेत. ते ओव्हरराइटचं भाषांतर आहे, शेवटी ट आहे की ड एवढंही न बघता केलेलं. अधिलेखनात खालचं पुसलं जातं. जावा या भाषेत आपण टूस्ट्रिंग ही मेथड ओव्हरराइड करतो तेव्हा ऑब्जेक्ट या सगळ्यांत वरच्या क्लासमधली मूळ मेथड जागची हलतही नाही. ती ओव्हरराइड न करणारे बाकीचे क्लास तीच वापरतात, आणि 'सुपर' लिहून आपल्यालाही ती बोलावता येते.

नेमका शब्द वैयाकरणांकडे कधीचा तयार आहे. बाध! पाणिनीच्या परंपरेत सामान्य नियम तो उत्सर्ग, विशेष नियम तो अपवाद. अपवाद उत्सर्गाला बाधतो, खोडत नाही. 'आद्गुणः' (६.१.८७) हे सूत्र घ्या. अ किंवा आ नंतर स्वर आला की दोघांच्या जागी गुण (अ, ए, ओ), म्हणून महा + ईश = महेश. लगेच पुढचं सूत्र 'वृद्धिरेचि', पुढे ए, ऐ, ओ, औ असतील तर वृद्धी (आ, ऐ, औ). सदा + एव = सदैव. पण 'अ किंवा आ नंतर' हे त्यात कुठे म्हटलंय? कुठेच नाही. ते मागच्या सूत्रातून अनुवृत्तीने येतं. 'दोघांच्या जागी एकच' हे तर त्याच्याही वरून, ६.१.८४ मधून. वृद्धिरेचि बदलतं ते फक्त गुणाचं. आणि महेशला धक्का लागत नाही.

(पाणिनीला जावा येत होती म्हणणाऱ्यांत मला धरू नका. सूत्र म्हणजे क्लास नव्हे.)

'वारसा' रुळलाय म्हणून चालवून घेऊ, पण इन्हेरिटन्सला जास्त जवळची ही 'अनुवृत्ती'च. ती जड म्हणून नाक मुरडणारे पंडित 'वारसा' अस्सल मराठी समजतात. वारस आला अरबीतून. शिवाय वारसा मिळायला कुणीतरी जावं लागतं. इथे वरचा क्लास धडधाकट असतो. ही कल्पना पहिल्यांदा आणणाऱ्या सिम्युला ६७ या प्रोग्रामिंग भाषेत, ओस्लोच्या दाल आणि न्यूगॉर्ड यांनी, तिला प्रीफिक्सिंग म्हटलं होतं. वरच्या क्लासचं नाव नव्याच्या आधी लिहायचं, झालं. वारस नाही, मृत्युपत्र नाही.

बाध तरी कुठे परका आहे? पुस्तकाच्या दुसऱ्या पानावर 'सर्व हक्क अबाधित' आपण वाचतोच. जावात मेथडला फायनल लावलं की ती अबाध्य.