गोव्यात सांजावला लोक विहिरीत उड्या का मारतात?

२४ जूनचा हा सण बाप्तिस्मा (पाण्याने शुद्ध करण्याचा ख्रिस्ती विधी) देणाऱ्या योहानाचा. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात कथा आहे: येशूची आई मरिया गरोदर असताना आपल्या नात्यातल्या अलीशिबेला भेटायला गेली, तिचा आवाज ऐकताच अलीशिबेच्या पोटातल्या बाळाने आनंदाने उडी मारली. ते बाळ म्हणजे योहान. विहिरीतली उडी त्याचीच आठवण, असं सांगतात. पुढे त्याने यार्देन नदीत येशूला बाप्तिस्मा दिला, म्हणूनही पाणी आलंच. संतांचे सण सहसा मृत्यूच्या दिवशी असतात. याचा मात्र जन्मदिवस, नाताळच्या सहा महिने आधी. माझ्या मते निम्मं श्रेय पावसाने भरलेल्या विहिरींना (आणि थोडं फेणीला!) द्यावं. डोक्यावर पानाफुलांचा कोपेल, नव्या जावयाचा मान. शिवोलीत तर सजवलेल्या होड्याही निघतात.