पॅन्सी लांबुडकी का होते आणि काय करायचं

कुंडीतली पॅन्सी (थंडीत फुलणारं छोटं फुलझाड) लांबुडकी होऊन लोळते, खतात काही चुकतंय का, असं तुम्ही विचारलंत. तुमच्या वर्णनावरून दोष खताचा नाही, उजेडाचा आहे. बाल्कांवात (गोव्यातल्या घरापुढच्या ओसरीत) ठेवलेल्या कुंडीला एकाच बाजूने उजेड मिळतो, रोप तिकडे ताणतं, पेरांमधलं अंतर वाढतं आणि दांडा लोळतो. कुंडी अशा जागी हलवा जिथे सकाळचं चार-पाच तास ऊन लागेल आणि दुपारी सावली येईल. एकदम उन्हात नको, चार-पाच दिवसांत हळूहळू.

मग छाटणी. इथेच नवखे कचरतात. लांब दांडे पानाच्या पेराच्या जरा वर, एक तृतीयांश ते निम्मे कापा. त्यावरची फुलं जातील, जाऊ द्या. पण सगळे दांडे एकाच दिवशी नको. अर्धे आज, उरलेले आठवड्याने. खालून नवी फूट दिसली की अर्ध्या मात्रेत पातळ खत द्या.

नेहमीच्या चुका:
- युरिया घालणं. पानं-दांडे वाढतात, फुलं नाही.
- लांब दांडा झाकायला रोप खोल पुरणं. बुंधा कुजतो.
- वाळकी फुलं तशीच ठेवणं. बी धरलं की फुलणं मंदावतं. देठासकट खुडा.
- ट्रेमध्ये बी रुजल्यावरही झाकण ठेवणं. रुजायला अंधार चालतो, कोंब दिसताच उजेड हवा.

एक गोष्ट मात्र छाटणीने सुटत नाही: उकाडा. पॅन्सी थंडीचं झाड. गोव्यात डिसेंबर ते फेब्रुवारी एवढाच तिचा खरा हंगाम. मार्चमध्ये लांबुडकी झाली तर कात्री चालवू नका, सरळ काढून सदाफुली लावा.