पहिलं डिजिटल इंजिन: साउंडवालं घ्यायचं का, आणि तेही ईएमआयवर?

चिंचवडच्या एका वाचकांचा मेल आलाय. वय ३६, हातात पगार ९५ हजार, होम लोनचा हप्ता ३४, एसआयपी १२, घरखर्च साधारण ४० हजार, अडीअडचणीसाठी १ लाख ४० हजारांची एफडी, आणि यंदा टॅक्स कापून ९० हजार बोनस हातात आलाय. लहानपणापासून मॉडेल ट्रेनचं वेड, आता मुलगा आठ वर्षांचा झालाय म्हणून सुरू करायचंय. डोळ्यासमोर आहे ब्रिटनचं क्लास ६६ डिझेल, ओओ स्केलमधलं (ब्रिटिश मॉडेल गाड्यांचं नेहमीचं माप), साउंडसकट, म्हणजे इंजिनाचे आवाज काढणारं, २७५ पाउंड, साउंड नसलेलं १८० पाउंड. इंजिन, कंट्रोलर, रूळ मिळून खर्च ६० हजार. विचारलंय की साउंडवालं एकदाच घ्यावं का, बोनस न मोडता कार्डाच्या ईएमआयवर घ्यावं का, आणि कुरिअरने मागवावं की डिसेंबरात लेस्टरहून येणाऱ्या साडूंना आणायला सांगावं. वहिनींचं मत त्यांनी मेलमध्ये एका ओळीत दिलंय, "एवढ्या पैशांत फ्रिज येईल."

नमस्कार, आधी ईएमआयचं बघू कारण ते सरळ आहे. ६० हजार, १२ महिने, १६ टक्के धरले तर हप्ता ५,४४४ च्या आसपास, म्हणजे व्याज ५,३०० आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, प्रोसेसिंग फी वेगळीच. तेच ६० हजार एफडीत ठेवून वर्षाला चारेक हजार येणार आणि त्यावर टॅक्स भरायचा, मग वाचलं काय? तीन हजारांच्या वर खिशातून गेले. नो कॉस्ट लिहिलेलं असलं तरी व्याजावरचा जीएसटी तुम्हीच भरता. शिवाय तुमचं सगळं वजा जाऊन महिन्याला उरतात ९ हजार, त्यातले साडेपाच वर्षभर खेळण्याच्या हप्त्यात गुंतवायचे? छंद रोखीने करा नाहीतर थांबा, यात मी तडजोड करत नाही.

बोनसमधले ५० हजार आधी एफडीत किंवा लिक्विड फंडात टाका. हप्ता आणि घरखर्च मिळून महिन्याला ७४ हजार लागतात, तुमची १ लाख ४० हजारांची एफडी दोन महिने पण पुरत नाही, आयटीत असाल तर हे मी जास्त सांगायला नको. राहिले ४० हजार, ते बिनधास्त छंदाला. वहिनींना हा आकडा आधी सांगा, इंजिन आल्यावर नको.

आता या ४० हजारांत काय बसवायचं, खरी गंमत इथे आहे. सगळे इंजिनाची किंमत बघतात पण पहिलं इंजिन घेताना तुम्ही स्केल, डिकोडरचं (कंट्रोलरचे डिजिटल हुकूम ओळखणाऱ्या इंजिनातल्या छोट्या सर्किटचं) सॉकेट आणि कंट्रोलची पद्धत पण ठरवून टाकता, आणि पुढची पाच-दहा वर्षं पैसे तिकडेच जातात. ऑफिसातले गृहस्थ जर्मनीहून आणलेला मार्क्लिन या तिथल्या कंपनीचा जुना सेट २२ हजारांना देतायत असं लिहिलंय, ऑफर वाईट नाही, पण मार्क्लिनच्या एचओ रुळांत मधोमध खिळ्यांची रांग असते, तिथून करंट घेतला जातो, तुमचं दोन रुळांवरचं ब्रिटिश इंजिन त्यावर चालणारच नाही. एचओ म्हणजे १:८७ आणि ओओ म्हणजे साधारण १:७६, गाड्या शेजारी ठेवल्या तरी फरक दिसतो. मार्क्लिन घ्यायचं तर पुढचं सगळं त्याच पठडीतलं घ्या, नाहीतर नाही म्हणा. अर्धं हे अर्धं ते केलं की पैसे दोनदा जातात.

दुसरा घोळ डब्यावरच्या शब्दांचा. डीसीसी म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोल, रुळांतूनच प्रत्येक इंजिनाला वेगळा हुकूम द्यायची पद्धत. "डीसीसी रेडी" वाचून लोकांना वाटतं डिजिटल आहे, तसं नसतं. नवीन फ्लॅटच्या जाहिरातीत "एसी पॉइंट" असतो ना, पॉइंट असतो, एसी नसतो, तसंच. वरची बॉडी अलगद काढली की आत सर्किट बोर्डावर २१ पिनांचं सॉकेट आणि त्यात एक छोटी ब्लँकिंग प्लेट दिसते, ती काढून डिकोडर बसवायचा, पाच मिनिटांचं काम आहे, सोल्डरिंग नाही. "फिटेड" लिहिलं असेल तर साधा डिकोडर आत आलेला असतो, आणि "साउंड फिटेड" म्हणजे स्पीकरसकट. जुन्या किंवा छोट्या इंजिनांत ८ किंवा ६ पिनांचं सॉकेट असतं, काहींत नेक्स्ट१८ नावाचं, म्हणून डिकोडर मागवायच्या आधी पिना मोजायच्याच. डिकोडर नसलेलं इंजिन डिजिटल रुळांवर ठेवू नका, मोटर गुणगुणते, तापते आणि जळू पण शकते.

साउंडसाठी आत्ता ९५ पाउंड जास्त, म्हणजे १२० चा रेट धरून ११,४०० रुपये. खरं सांगायचं तर हौशी लोक म्हणतील की नंतर चांगला साउंड डिकोडर आणि स्पीकर घ्यायला याच्याहून जास्त लागतील, आणि ईएसयू कंपनीच्या लोकसाउंडसारखा घेतलात तर बरोबर आहे त्यांचं. पण हॉर्नबी या ब्रिटिश कंपनीने २०२३ मध्ये ब्लूटूथवाले एचएम७००० डिकोडर आणले, फोनवरून आवाज लोड होतो, त्यामुळे साउंड पुढच्या बोनसला पण घेता येईल. इंजिन एकदा २१ पिनांचं घेतलं की हा निर्णय पुढे ढकलायला काही लागत नाही, म्हणून माझं मत साउंड नसलेलं घ्या. इंजिनाची निवड मात्र चांगली केलीत. बोगीवालं डिझेल बऱ्याच चाकांतून करंट घेतं, पहिल्यांदाच छोटं सहा चाकी वाफेचं घेतलं असतं तर सांध्यावर धूळ आली की ते मधेच थांबलं असतं आणि पोरगं ढकलत बसलं असतं.

कंट्रोलरवर १८ हजार धरलेत, ते पण आत्ता नको. डीसीसी हे एनएमआरए या अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेचं स्टँडर्ड आहे, म्हणून एका कंपनीचं इंजिन दुसऱ्याच्या कंट्रोलरवर चालतं. डीसीसी-ईएक्स नावाचा, घरीच कंट्रोलर बनवायचा ओपन सोर्स प्रकल्प आहे, अर्डुइनो मेगा हा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड, त्यावर बसणारं मोटर शील्ड, एक वायफाय बोर्ड आणि १४-१५ व्होल्टचा अडॅप्टर, पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्या तपकीर गल्लीत एक चक्कर मारली तर चारेक हजारांत जमतं आणि फोनवर इंजिन ड्रायव्हर ॲप टाकायचं. लॅपटॉपचा १९ व्होल्टचा चार्जर लावून काटकसर करू नका. नवीन इंजिनाचा पत्ता, म्हणजे कंट्रोलर त्याला ज्या नंबराने ओळखतो तो, ३ असतो, दुसरं इंजिन आलं की तेवढा बदलायचा. तुमचे हात इलेक्ट्रॉनिक्सला घाबरत असतील तर मात्र तयार कंट्रोलर घ्या आणि इंजिन पुढच्या वर्षावर टाका, दोन्ही एकाच बोनसमधून नाही.

कुरिअर की साडू? इथे हिशोब मजेशीर आहे. दुकान ब्रिटनबाहेर पाठवताना २० टक्के व्हॅट सहसा काढतं, म्हणजे २७५ चं इंजिन २२९ ला, २७,४८० रुपये. छान वाटतं, पण इलेक्ट्रिक ट्रेन कस्टमच्या भाषेत खेळणं आहे, आणि खेळण्यांवरची बेसिक ड्यूटी २०२० मध्ये २० ची ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७०. त्याचे १९,२३६ मिळवले की ४६ हजार ७००, वर जीएसटी आणि शिपिंग. वैयक्तिक वापराच्या पार्सलला वेगळा दर लागू शकतो, पण कस्टमवाला कुठल्या हेडिंगमध्ये टाकेल ते तुमच्या हातात नाही, आणि २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) प्रमाणपत्राची सक्ती असल्यामुळे पार्सल अडकूनही बसू शकतं. साडूंना व्हॅट भरावाच लागेल, इंग्लंडने प्रवाशांना व्हॅट परत द्यायचं २०२१ पासून बंद केलंय, तरी तेच इंजिन ३३ हजारांत घरी येतं. त्यांच्या ड्यूटी फ्री मर्यादेत त्यांच्या बाकीच्या भेटवस्तू पण मोजल्या जातात. २०१६ च्या नियमांत ही मर्यादा ५० हजार होती आणि नियम बदलत असतात, निघायच्या आधी त्यांना तपासायला सांगा.

म्हणजे बेत असा: इंजिन १८० पाउंड, २१,६००. डिकोडर २८ पाउंड धरून ३,३६०. कंट्रोल ४ हजार. रूळ आणि दोन-तीन वाघिणी ९ हजार. झाले ३७,९६०. रूळ घेताना सेकंड रेडियस बघा, म्हणजे ४३८ मिलिमीटर त्रिज्येचं वळण, लांब डिझेलला त्याच्या आतली वळणं जमत नाहीत, आणि म्हणून ओव्हलला साधारण तीन फूट रुंदी लागतेच. बेडरूमच्या दारामागे प्लाय उभी राहते का ते आधी मोजून घ्या. एखाद्या रविवारी मुलाला घेऊन कोथरूडच्या जोशींच्या मिनिएचर रेल्वे म्युझियमला जाऊन या, १९९८ पासून आहे, तिथे बघितलं की त्याचं मन खरंच रमतंय की तुमचंच, हे कळेल.

साडूंना सांगा की निघायच्या आदल्या दिवशी घेऊ नका, आठ-दहा दिवस आधी मागवा आणि पार्सल आलं की कोणाच्या तरी रुळांवर किंवा दुकानातच दोन्ही दिशांना अर्धा अर्धा तास चालवून बघा. तिथे ऑनलाइन खरेदी १४ दिवसांत परत करता येते, इकडे आल्यावर बंद पडलं तर परत पाठवायचा खर्चच सात-आठ हजारांत जाईल. आणि ऑर्डर करायच्या आधी डब्याचा फोटो मागा, "रेडी" लिहिलं असेल तर २१ पिनांचा डिकोडर त्याच ऑर्डरमध्ये टाकायला सांगा.