तुमची फाइल मी उघडलेली नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एम.सीएच. ही सर्जरीतली वरची पदवी घेऊन चार वर्षं झाली, हृदय-फुप्फुसांची ऑपरेशनं रोज करता, डोक्यात छोट्या छेदातून वापरायच्या दोन-तीन साधनांच्या कल्पना आहेत, आणि अशा कल्पनांचं चीज अमेरिकेतच होतं असं जो तो सांगतो. बायकोची नोकरी आहे, मुलगी सात वर्षांची आहे. जावं का? सोबत एक रेखाचित्र जोडलंय आणि ‘जमल्यास बघा’ असं लिहिलंय.

रेखाचित्राचं शेवटी बोलू.

परीक्षा कोणत्या, फी किती, फॉर्म कुठला, हे सगळं सरकारी संकेतस्थळांवर मिळतं आणि सारखं बदलतं. मी अमेरिकेत २००९ साली आले, माझी माहिती शिळी आहे. खरं तर उत्तर द्यायचंच नाही असं ठरवून तीन दिवस गप्प होते. पण ‘तिकडे जाऊन डिव्हाइस बनवायचंय’ हे तुमचं वाक्य सतरा वर्षांपूर्वी मी घरात जसंच्या तसं म्हटलं होतं. राहवलं नाही.

पहिली गोष्ट. विमानातून उतरताना तुम्ही सर्जन नसाल. हे कळतं सगळ्यांना, वळत नाही कुणाला. पुन्हा रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलात राबून शिकायची वर्षं. छातीच्या सर्जरीसाठी एक तर सहा वर्षांचा सलग कार्यक्रम, नाही तर पाच वर्षं जनरल सर्जरी आणि वर दोन-तीन वर्षं. जागा हाताच्या बोटांवर नसल्या तरी फार नाहीत, आणि समोर तिथलीच तरतरीत पोरं उभी असतात. टेनेसीसारख्या काही राज्यांनी अलीकडे परदेशात शिकलेल्या डॉक्टरांसाठी परवान्याचं दार जरा किलकिलं केलंय. पण परवाना वेगळा, बोर्डाचं सर्टिफिकेट वेगळं आणि कुणी तुमच्या हातात पेशंट देणं आणखी वेगळं.

मी एका विद्यापीठाच्या प्राण्यांच्या प्रयोगशाळेत संशोधक म्हणून आले. बेत असा की दोन वर्षं संशोधन, मग रेसिडेन्सी. बॅगेत ऑपरेशनांच्या नोंदींच्या चार जाड वह्या होत्या. प्रत्येक केस, तारीख, मी पहिली असिस्टंट की मुख्य सर्जन, सगळं. त्या वह्या आजतागायत कुणी मागितलेल्या नाहीत. मागितलं ते वेगळंच. माझ्या एमबीबीएसच्या पदवीवर माहेरचं नाव आणि मधे वडिलांचं, एम.सीएच.वर सासरचं आणि मधे नवऱ्याचं, पासपोर्टवर आडनावाचं स्पेलिंग तिसरंच. या तिघी एकच बाई आहेत असं प्रतिज्ञापत्र द्या म्हणाले. दिलं. मग कॉलेजनं कागद थेट पाठवायचे, बंद पाकिटात, जिथं चिकटवलंय तिथं आडवा शिक्का मारून. पाकीट आलं. शिक्का होता, पण चिकटवलेल्या जागेच्या बोटभर खाली. परत पाठवलं. त्या बोटभर अंतरात माझे सात महिने गेले आणि त्या वर्षीची निवडप्रक्रिया हुकली. आजही कुणी पाकीट बंद करून त्यावर सही करताना दिसलं की माझी नजर आपोआप कडेला जाते.

पुढच्या वर्षी दोन मुलाखती आल्या, जागा मिळाली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी मुलाखतच नाही. तिसऱ्यांदा मी अर्जच केला नाही. लोकांना सांगते की व्हिसामुळे जमलं नाही. ते काही खरं नाही. तोवर माझं साधन डुकरांवर चांगलं चालायला लागलं होतं, एका कंपनीनं नोकरी देऊ केली होती, आणि बैठकीत माझी ओळख ‘या इन्व्हेंटर’ अशी करून दिली जायची. तो शब्द मला आवडला. एवढंच कारण.

आता साधनाबद्दल, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे.

तुम्हाला शरीररचना सांगायला नको, पण इतरही कुणी वाचत असतील. दोन बरगड्यांच्या फटीत, वरच्या बरगडीच्या खालच्या काठाला लागून व्हेन (शीर), आर्टरी (रोहिणी) आणि नर्व्ह (मज्जातंतू) अशा क्रमानं जातात. नर्व्ह सगळ्यात खाली, म्हणजे सगळ्यात उघडी. म्हणून आपण खालच्या बरगडीच्या वरच्या कडेवरून आत शिरतो. पण शिरल्यावर कॅमेरा आणि स्टेपलर (आतला भाग टाचून कापायचं साधन) तिरके करावेच लागतात, आणि तिरकं केलं की दांडा वरच्या बरगडीवर रेलतो. दोन तास तो त्या नर्व्हला चिरडत असतो. बाहेर छेद मात्र दोन बोटांचा, सुंदर.

माझा एक पेशंट चार महिन्यांनी दाखवायला आला. फुप्फुस उत्तम, फोटो स्वच्छ. शर्टाची बटणं मात्र उघडी आणि कापड हातानं छातीपासून दूर धरलेलं. कापड टेकलं तरी आग व्हायची. त्याच आठवड्यात मी छातीच्या ड्रेनची सिलिकॉनची नळी उभी चिरली, तिच्या दोन कडा दुमडून शिवल्या आणि पुढच्या केसला छेदाच्या वरच्या काठावर बसवली. दांडा तिच्यावर रेलला, बरगडीवर नाही. हेच माझं साधन. नंतर त्याला साचा आला, तीन मापं आली, निर्जंतुक पाकीट आलं. कल्पना मात्र तीच.

कधीची गोष्ट ते बघा. ही इथं येण्याआधीची आहे. इथं आल्यावर सतरा वर्षांत मला दुसरी कल्पना सुचलेली नाही. सुधारणा शंभर सुचल्या. कल्पना एकही नाही. हे मी नवऱ्यालाही असं सरळ सांगितलेलं नाही.

याचं कारण शोधायला मी थोरामोठ्यांच्या गोष्टी पुनःपुन्हा वाचते. थॉमस फोगार्टी सिनसिनाटीत पोरवयात ऑपरेशन थिएटरमध्ये हाताखाली काम करायचा. रक्ताची गुठळी काढायला पाय लांबच्या लांब उघडायचे आणि तरी पाय जायचे, पेशंटही जायचे, हे त्यानं उभं राहून पाहिलं. मग लॅटेक्सच्या हातमोज्याचं बोट कापून कॅथेटरच्या, म्हणजे बारीक नळीच्या, टोकाला फुग्यासारखं बांधलं. चिकटवायला गोंद चालेना, म्हणून मासेमारीचे गळ बांधायची गाठ वापरली. तो फुगा १९६१ मध्ये माणसात वापरला गेला. आंद्रियास ग्रुंट्झिग जन्मानं जर्मनीतल्या ड्रेस्डेनचा. तो सर्जन नव्हता, पण आपल्या छेदांची लांबी कमी करण्यात त्याचा वाटा फार मोठा. त्यानं कॅथेटरवरचे फुगे झ्युरिकच्या घरात स्वयंपाकाच्या टेबलावर बनवले, १६ सप्टेंबर १९७७ ला जागत्या माणसाची हृदयाची रोहिणी उघडली, आणि १९८० मध्ये अटलांटाला गेला. म्हणजे गेला तो फुगा सिद्ध करून गेला. अलँ क्रिबिए तर फ्रान्समध्ये रुआँलाच राहिला. छाती न उघडता कॅथेटरमधून पहिली महाधमनीची झडप त्यानं तिथंच बसवली, १६ एप्रिल २००२ ला. पैसा आणि कंपनी उभी करायला माणसं मात्र बाहेरची घेतली. उलट उदाहरणही आहे. स्टेंटवाला हुलिओ पाल्माझ अर्जेंटिनाहून अमेरिकेत आला आणि तिथंच त्यानं ते काम केलं. पण त्याचे हात पेशंटवरून सुटले नव्हते. फरक हाच, असं मला वाटतं. माझं मत आहे, वाद घाला.

माझे हात सुटले. आज मी नव्या हॉस्पिटलात आमचं साधन पहिल्यांदा वापरलं जातं तेव्हा हजर असते. टोपी, मास्क, सगळं. पण निर्जंतुक कपड्यांच्या पलीकडे, भिंतीपाशी. माझ्या हातात लेझर पॉइंटर असतो. सर्जन अडखळला की मी पडद्यावर लाल ठिपका टाकते, ‘डॉक्टर, अर्धा सेंटिमीटर मागे’. माझ्या हाताला सहा नंबरचा ग्लव्ह लागतो. बाजारातल्या बहुतेक स्टेपलरची मूठ त्याला मोठी पडते, हे मी भारतात ऑपरेशनं करत असताना रोज शिव्या देत सोसायचे. त्यावर खरं तर काहीतरी करायला हवं होतं. आता स्टेपलर हातात येतच नाही, त्यामुळे ती चीडही गेली.

मंजुरीची गंमत ऐका. एफडीएकडे, म्हणजे साधनांना मंजुरी देणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेकडे, झडपेसारखं जोखमीचं साधन न्यायचं तर माणसांवरच्या चाचण्यांसकट मोठी वाट. आमच्यासारख्याला ५१०-के नावाची छोटी वाट. त्यात दाखवायचं काय, तर हे साधन आधीच बाजारात असलेल्या अमुक साधनाशी ‘पुरेसं सारखं’ आहे. पेटंटवाल्या वकिलाला मी सकाळी सांगायचे की असं जगात काहीच नाही, आणि दुपारी मंजुरीवालीला सांगायचे की यात नवं असं काहीच नाही. दोन्ही खरं असावं लागतं. शब्द जपून वापरायला इथं शिकाल.

पेटंटमध्ये मी एक चूक केली ती तुम्ही करू नका. अर्ज टाकायच्या आधी मी एका परिषदेत चार मिनिटांचा व्हिडिओ दाखवला. टाळ्या पडल्या. अमेरिकेत स्वतःच्या प्रकटीकरणानंतर वर्षभर सवलत मिळते, युरोपात तशी मिळत नाही. युरोप गेला. आणि विद्यापीठात रुजू होताना सही केलेल्या कागदांत एक कलम होतं, की नोकरीत असताना सुचेल ते संस्थेचं. मला तर आधीच सुचलं होतं. पण ‘आधी’ कसं सिद्ध करणार? शिवलेली नळी मी ती केस संपल्यावर फेकून दिली होती. पेटंटवर चार नावं आहेत, माझं तिसरं.

मुलीच्या शाळेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. प्रवेशाच्या वेळी एक फॉर्म असतो: घरात कोणती भाषा बोलता? मी प्रामाणिकपणे ‘मराठी’ लिहिलं. अभिमानानं लिहिलं, खोटं कशाला बोलू. त्या एका शब्दावर माझ्या मुलीची परीक्षा घेतली. पोर आठ वर्षांची, अनोळखी बाईसमोर बोलेना. तिला इंग्रजी न येणाऱ्यांच्या गटात घातलं. ती इंग्रजी गोष्टींची पुस्तकं सहज वाचायची. रोज विज्ञानाच्या तासाला तिला उठवून दुसऱ्या खोलीत न्यायचे आणि सफरचंदाचं चित्र दाखवून विचारायचे हे काय. दीड वर्ष. मी दोन पत्रं लिहिली. तिसरं लिहायला वेळ झाला नाही, कारण मी ५१०-केच्या परिशिष्टांत बुडाले होते. त्या दीड वर्षात तिनं स्वतःच तोडगा काढला आणि घरात मराठी बोलणं बंद केलं. आज ती चोवीस वर्षांची आहे, माझ्याशी छान बोलते, इंग्रजीत. मी मराठीत बोलते. फोनवर दोघींचं ऐकणाऱ्याला वाटेल दोन वेगळे फोन चालू आहेत.

तुमच्या मुलीच्या फॉर्मवर काय लिहायचं ते मी सांगणार नाही.

बायकोच्या नोकरीचं विचारलंत. मी नोकरीच्या एच-वन-बी व्हिसावर होते, नवरा जोडीदाराच्या एच-फोरवर. २०१५ पर्यंत एच-फोरवाल्या कुणालाच काम करता येत नव्हतं, आणि तेव्हापासूनही ग्रीन कार्डाची विशिष्ट पायरी ओलांडलेल्यांच्याच जोडीदाराला करता येतं. सहा वर्षं हा इंजिनियर माणूस घरी होता. माझं पहिलं घरगुती साचाकाम त्यानंच केलं, पेटंटच्या चार नावांत तो नाही. त्याला विचारलं तर म्हणतो, जाऊ दे. बायकोला विचारा, पण ‘जाऊ दे’ हे उत्तर मानू नका.

एकटेपणा असतो. सवय होते. पुढे.

परत जाण्याचं म्हणाल तर उदाहरण समोर आहे. हृदयाचे सर्जन वलियाथन अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये काम करून परतले, त्रिवेंद्रमला श्रीचित्रा ही वैद्यकीय संस्था उभी केली आणि तिथंच झडप बनवायला बसले. पहिली तीन मॉडेलं फसली. चौथं चाललं, डिसेंबर १९९० मध्ये पहिल्या पेशंटला बसवलं. मी निघाले तेव्हा आपल्याकडे साधनांसाठी धड स्वतंत्र नियमही नव्हते, ही माझी तेव्हाची मोठी सबब. २०१७ चे नियम आल्यापासून ती उरली नाही. म्हणून मी २०१८ मध्ये परतीचा विचार केला होता. पण तोवर नऊ वर्षं हातात सुई नव्हती. पन्नाशीजवळची सर्जन, नऊ वर्षांची गंजलेली. मीच मला नेमलं नसतं.

म्हणून माझं म्हणणं ऐकायचंच असेल तर: जा, पण शिकायला जा. कुणाच्या तरी थिएटरात वर्षभर हात धुऊन उभं राहता येईल अशी फेलोशिप शोधा आणि टेबलाशी परत या. कल्पना मोठी झाली तर कंपनी तुमच्यापर्यंत येईल. हे मी तुम्हाला सांगतेय की २००९ मधल्या मला, ते मला नीट कळत नाही.

आता रेखाचित्र. ते मी उघडलेलं नाही आणि उघडणार नाही. माझ्या करारानुसार मी पाहिलं ते उद्या आमच्या कुठल्याही साधनात डोकावलं, तर भांडण तुमचं-माझं राहणार नाही. आधी भारतात पेटंटचा प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज टाका. भारतात राहणाऱ्याला परवानगी घेतल्याशिवाय थेट बाहेरच्या देशात अर्ज टाकता येत नाही. नाही तर भारतात टाकून सहा आठवडे थांबावं लागतं. प्रोव्हिजनलनंतर संपूर्ण अर्जाला बारा महिने मिळतात. तोवर ते कुणालाच पाठवू नका, मलाही नाही.

फाइलचं नाव मात्र दिसलंच. शेवटी आकडा आहे, ४. आधीच्या तिन्हींचं काय बिघडलं होतं, ते अर्ज टाकून झाल्यावर कळवा.