महिला नेतृत्वाच्या कार्यक्रमात काम करायला कोणती कौशल्यं लागतात? त्याने खरंच फरक पडतो का?

तुम्ही लिहिलंय की एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झालंय आणि 'महिला नेतृत्व व लिंगभाव-संवेदनशील शासन' अशा नावाच्या प्रकल्पात अर्ज करताय. कौशल्यांची यादी जाहिरातीतच असते : प्रशिक्षण देणं, अहवाल, एक्सेल, इंग्रजी. मी मराठवाड्यात नऊ वर्षं तालुका समन्वयक होते. त्या यादीत नसलेलं एकच सांगते. ग्रामपंचायत अधिनियम वाचा. पुस्तिका नाही, सारांश नाही, मूळ कलमं. मी वाचला नव्हता.

2014 ची गोष्ट. 2011 मध्ये महाराष्ट्रात पंचायतींतलं महिला आरक्षण 33 वरून 50 टक्क्यांवर गेलं, त्यानंतर निवडून आलेल्या सरपंच ताईंचं तीन दिवसांचं निवासी प्रशिक्षण होतं. पहिला दिवस 'मी कोण', दुसरा 'माझ्यातली नेता'. प्रत्येकीने कागदाचा पतंग करून त्यावर आपलं स्वप्न लिहायचं. नऊ सदस्यांची ग्रामपंचायत असलेल्या एका गावच्या ताईंनी पतंग केला, पण लिहिलं काहीच नाही. जेवणाच्या सुट्टीत ताट घेऊन त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या.

"मॅडम, अविश्वासाला किती मतं लागतात?"

मी भात कालवता कालवता म्हटलं, "दोन तृतीयांश."

"म्हंजे नऊला सहा?"

"हो."

"सहा झालेत त्यांचे."

त्यांना हटवायला सहा सदस्य जमले, त्याचं कारण साधं होतं. चेकबुक सहीसाठी घरी यायचं, नवरा 'कर' म्हणायचा, ताई कोऱ्या चेकवर सही करायच्या. वर्षभर हे चाललं. मग एका नालीचं बिल आलं. ती नाली झालेलीच नव्हती. ताई रोज त्याच वाटेने पाण्याला जायच्या, त्यामुळे हे त्यांना कुठल्या प्रशिक्षणात शिकवावं लागलं नाही. त्यांनी सही केली नाही. ठेकेदार उपसरपंचाचा मेहुणा.

आणि मी त्यांना काय सांगितलं? "ताई, घाबरू नका, आत्मविश्वास ठेवा." आजही आठवलं की कानशिलं तापतात.

गावी गेल्यावर त्यांनी शेजारच्या गावच्या माजी सरपंच बाईंना गाठलं. त्या बाईंना सात जणांनी अविश्वास आणून घालवलं होतं, म्हणून अविश्वास ठरावाचं कलम 35 तोंडपाठ. सरपंचपद महिलेसाठी राखीव असेल आणि त्यावर महिलाच असेल, तर तेव्हा दोन तृतीयांश मतं चालत नव्हती, तीन चतुर्थांश लागायची. नऊचे तीन चतुर्थांश पावणेसात, म्हणजे सात मतं. सहा नव्हे.

सभेला ताई कलमाची झेरॉक्स पिशवीत घालून गेल्या. मतं पडली सहा, ठराव फेटाळला गेला. झेरॉक्स पिशवीतून काढावी लागलीच नाही, तहसीलदारांना कलम माहीत होतं. माहीत नव्हतं ते मलाच.

इथवर ठीक. पण पुढच्या तिमाही अहवालात आमच्या प्रकल्प व्यवस्थापकांनी यशोगाथा लिहिली, 'प्रशिक्षणातून मिळालेल्या आत्मविश्वासाच्या बळावर…', सोबत त्याच कोऱ्या पतंगाचा फोटो. मी म्हटलं, सर, मी त्यांना चुकीचं सांगितलं होतं. तर म्हणे, एवढं बारीक कोण वाचतं! मग मी म्हटलं, पतंगाचा दिवस काढा, त्या जागी अधिनियम, दाखले, चेकबुक ठेवा. त्यावर उत्तर मिळालं : "कायदा कोरडा असतो, बायका कंटाळतात." ज्या बाईचं पद एका पोटकलमावर टिकलं, तिच्याच यशोगाथेवर सही करताना हे बोलत होते. आत्मविश्वास कमी होता म्हणून ती अडली नव्हती हो. आकडा चुकीचा मिळाला म्हणून अडणार होती.

फरक पडतो का, हा तुमचा दुसरा प्रश्न. कायद्याने ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. बऱ्याच ठिकाणी रजिस्टर घरोघर फिरतं, सह्या होतात, सभा झाली. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात, त्यातून शिलाई मशीन येतं. मशीन कोणी मागितलं होतं, हे विचारू नका. जिथे बायका खरोखर एकत्र बसल्या तिथे मी वेगळंच ऐकलं : शौचालय आहे, पण पाणी नाही, शेताच्या वाटेवर दिवा लावा. केंद्राच्या अर्थसंकल्पासोबत 2005-06 पासून जेंडर बजेटचं, म्हणजे महिलांसाठीच्या खर्चाचं, विवरण छापलं जातं. गावपातळीवर ते विवरण म्हणजे ग्रामसेवकाच्या कपाटातलं रजिस्टर, आणि तुमचं काम म्हणजे ते कपाट उघडायला लावणं. कोणी विचारलं तर फरक पडतो. प्रकल्प तीन वर्षांनी मार्चमध्ये संपतो आणि एप्रिलपासून विचारणारं कोणी नसतं, ती वेगळी रड.

थोडं सावरून घेते. खेळ अगदीच फुकट नसतात. त्या हॉलमधल्या काही जणी लग्नानंतर पहिल्यांदाच माहेराखेरीज कुठे मुक्कामाला राहिल्या होत्या, आणि रात्रीच्या गप्पांत जे बोलल्या ते मी कुठल्या सत्रात ऐकलं नाही. सगळे नवरेही खलनायक नसतात. त्या ताईंची झेरॉक्स काढून आणायला मोटारसायकलवर तालुक्याला गेला तो त्यांचा नवराच. आणि हो, 2017 मध्ये सरपंचाची थेट निवड आली, 2020 मध्ये गेली, 2022 मध्ये परत आली, त्याबरोबर अविश्वासाचे नियमही हलले. म्हणून माझे आकडे 2014 चे समजा आणि आजचं कलम स्वतः उघडून बघा. माझ्या शब्दावर विसंबू नका, एकदा फसगत झालीच आहे.

चेकबुकच्या जागी आता डिजिटल सहीचं डोंगल (पेनड्राइव्हसारखं छोटं यंत्र) आलंय. मुलाखतीत संस्थेलाच विचारा, तुमच्या कार्यक्षेत्रात किती सरपंच ताईंचं डोंगल त्यांच्या स्वतःच्या ताब्यात आहे? त्यांना सांगता आलं तर डोळे झाकून रुजू व्हा. नाही सांगता आलं, तर पगार बघून ठरवा.